दसऱ्याचे कुंकू आणि नमणारी गाडी

श्रीगजाननाच्या चरणी मस्तक ठेवून आणि घटावरच्या देवीला स्मरून, यंदाच्या सरलेल्या दसऱ्याच्या निमित्ताने आमच्या साडूंविषयी चार शब्द लिहितो. शस्त्रे, अवजारे आणि वाहने यांच्या पूजनाचा हा दिवस. वाहनावर प्रेम करणारे या भूतलावर पुष्कळ आहेत. परंतु वाहनावर त्याच्या समस्त व्याधींसकट प्रेम करणारा पुरुष मी एकच पाहिला, आणि तो माझ्या दिवंगत पत्नीच्या धाकट्या बहिणीचा पती आहे.

साडूंचे पूर्वज संस्थानच्या दप्तरात कारकून होते, स्वतः साडू पाटबंधारे खात्यात होते. तेव्हा उतावीळपणा हा दोष त्यांच्या कुळात कधी शिरलाच नाही. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी बेटम्याच्या एका सोयाबीनच्या व्यापाऱ्याकडून परदेशी बनावटीची, जुनी, हत्तीएवढी आलिशान गाडी आणली आणि सर्व आप्तांना चकित केले. ते राहतात मल्हारगंजात. त्यांच्या गल्लीत दोन स्कूटरी समोरासमोर आल्या की एकीला माघार घ्यावी लागते. ही गाडी तेथे शिरणार कशी? ती गल्लीच्या तोंडाशी, किराणा दुकानाला सावली देत उभी राहते. दुकानदार म्हणाला, "भिया, हत्ती तो बांध लिया, चारा क्या डालोगे?" साडू शांतपणे म्हणाले, "हिला चारा नको, सेवा हवी."

ती सेवा मी डोळ्यांनी पाहिली आहे. गाडी लावून ठेवली तरी तिच्यातील कुठलेसे यंत्र जागेच राहते आणि सकाळपर्यंत बॅटरी संपवते. साडू मला म्हणतात, "हिला निद्रानाश आहे, अण्णाजी," आणि रोज सायंकाळी बॅटरीची तार स्वहस्ते सोडवतात, जणू तान्ह्या बाळाची दृष्ट काढावी. किल्ली खिशात असूनही गाडी कधीकधी 'किल्ली सापडत नाही' असे पडद्यावर लिहिते. तेव्हा ते किल्ली तळहातांत चोळून ऊब देतात आणि ओळख पटेपर्यंत थांबतात. समोरच्या काचेखाली पिवळे-तांबडे दिवे अखंड उजळलेले असतात. त्यांपैकी इंजिनाचा दिवा एकदा आपोआप विझला, तेव्हा साडूंना दिवसभर चैन पडले नाही. छतावरच्या काचेच्या खिडकीची पन्हळ निंबाच्या पानांनी तुंबते. एकदा गाडी धुऊन आम्ही निघालो असता मागच्या आसनावर माझ्या मस्तकी संथ धार सुरू झाली. मी वर पाहिले. साडू आरशातून म्हणाले, "अभिषेक समजा. तुम्ही तर रोज देवाला घालता." भिक्षुकीत हयात गेलेला मी, उपरण्याने मस्तक पुसत शास्त्राधार शोधू लागलो.

परंतु या सर्व व्याधींची राणी निराळीच. या गाडीला लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या आहेत, आणि त्या झिरपतात. उभी राहिली की गाडी हळूहळू खाली बसत जाते, इतकी की तिचे पोट रस्त्याला टेकेल असे वाटते. इंजिन सुरू केले की एक पंप घरघरत तिला पुन्हा उचलतो. महू नाक्याजवळचा मिस्त्री प्रत्येक भेटीत सांगे, "बाबूजी, पिशव्या काढून साधे स्प्रिंग डलवा लो. झंझटच खतम." साडू दरवेळी म्हणत, "विचार करतो." मुले चिडली, आप्त हसले, पाटबंधारे खाते अजून अंगातून गेले नाही, असे आमचे सर्वांचे मत पडले.

आता दसऱ्याची गोष्ट. माझ्या मेव्हणीचे गुडघे बरीच वर्षे दुखतात. उंच गाडीत तिला चढवत नाही आणि ठेंगण्या गाडीत बसली तर उठवत नाही. त्यामुळे तिचे कुठे जाणेच थांबले होते. तिचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, महूला असतात आणि अंथरुणाला खिळले आहेत. दसऱ्याचे औक्षण बहिणीच्या हातून झाल्यावाचून दादा अन्नाला शिवत नाहीत, हा त्यांचा नेम. माझी पत्नी गेल्यापासून त्यांना ही एकच बहीण उरली. म्हणून साडू तिला दसऱ्याला गाडीतून महूला नेतात, आणि यंदा मीही सोबत निघालो.

सकाळी साडूंनी गाडीची यथासांग पूजा केली. झेंडूची माळ, चाकांखाली लिंबे. पुढच्या बंपरवर ओळीने बसवलेल्या गोल टिकल्या पाहून त्यांना वाटले की कुंकवाची जागा बनवणाऱ्यानेच सोडली आहे. त्यांनी प्रत्येकीवर हळदीकुंकवाचा घट्ट लेप दिला. मेव्हणी आसनावर बसली, गाडी उठली, वीतभर पुढे सरकली, आणि कर्कश शिटी वाजवून आपोआप थांबली. पुन्हा सरकली, पुन्हा थांबली. समोर रस्ता मोकळा होता.

साडूंनी मिस्त्रीला फोन लावला. पलीकडून प्रश्न आला, "पूजा हो गई क्या, बाबूजी?"

"झाली ना, भिया."

"तो वो सेन्सर पोंछ दो. गाडीला वाटतंय सामने दीवार है."

साडू रुमाल घेऊन वाकले, तोच आतून मेव्हणी म्हणाली, "अहो, दसऱ्याच्या दिवशी कुंकू पुसता? भाऊजी, तुम्हीच सांगा, हे चालतं का?"

"अण्णाजी, शास्त्र काय म्हणतं?" साडू म्हणाले. "जरा जल्दी सांगा. तिकडे दादा उपाशी आहेत."

सूर्य वर चढत होता. मी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणालो, "पुसू नये. देव चौरंगावरून देव्हाऱ्यात नेतो, तसे हे कुंकू स्थलांतरित करावे." मग अक्षता वाहून, देवतेला पुन्हा येण्याची विनंती करून मी टिकलीटिकलीवरचे कुंकू ओल्या बोटाने उचलले आणि इंजिनाच्या झाकणावर लावले. मेव्हणी समाधानाने म्हणाली, "हं, हे बरोबर." गाडीलाही तो निर्णय मान्य झाला असावा, शिटी थांबली.

मिस्त्री अजून फोनवरच होता. "और स्प्रिंग का क्या सोचा?"

"रहने दो, भिया."

मी बोट पुसता पुसता साडूंना हळूच विचारले, "अहो, एकदाची नीट का करून घेत नाही?"

त्यांनी आत पाहिले. मेव्हणी औक्षणाचे तबक मांडीवर सांभाळत होती. "नीट झाली तर उभीच राहील, अण्णाजी. मग ही चढणार कशी? खाली बसते म्हणून ही आत बसते. वर उठते म्हणून तिकडे पाय सोडले की उतरते." मग आणखी हळू म्हणाले, "तिला सांगू नका. तिला वाटतं, गुडघे सुधारलेत."

महूला दादांच्या दारात ती काठी टेकत उतरली. "पाहा दादा, आपल्या पायांनी आले," असे म्हणत तिने निरांजन लावले. दादांचे डोळे त्या ज्योतीपेक्षा अधिक चमकले. मला माझी पत्नी आठवली. ती असती तर तबकात दुसरी वात असती.

परतताना पंपाची घरघर थकल्यासारखी वाटली. साडूंनी ती ऐकली आणि स्टिअरिंग हलकेच थोपटले. पंप आणखी किती दसरे काढील, हे मिस्त्रीही सांगत नाही. परवा मल्हारगंजातून जात होतो. गल्लीच्या तोंडाशी गाडी खाली बसून होती, झाकणावर माझ्या बोटाचे कुंकू फिकट झाले होते. मी उगाचच हात जोडले.

वाचकहो, तुमच्या घरी अन्न, आरोग्य आणि माणसांची ये-जा अखंड राहो. तुमच्या वडीलधाऱ्यांना चढता यावे म्हणून स्वतः खाली बसणारे कुणीतरी तुमच्या दारात सदैव असो. शुभं भवतु.