आस्ब्योर्गची फुंकर

माझी मोठी बहीण आस्ब्योर्ग आमच्या बेटावर कुणाचंच इंजिन परत पाठवत नसे. गंजलेलं, तीस वर्षांचं, समुद्राच्या तळातून काढलेलं असलं तरी म्हणायची, "ठेव तिथे. मासे साफ करून झाले की बघते." सत्तरी आली तरी तिचा हात थरथरत नव्हता, आणि जिभेचं तर विचारूच नका. तिची एकच खोड. इंजिनाला पेट्रोल पोचवणारा कार्बुरेटर उघडला की त्यातला जेट, म्हणजे सुईच्या टोकाएवढ्या भोकाचा पितळी स्क्रू, काढायचा, ओठांना लावायचा आणि जोरात फुंकायचं. आमच्या बापाची सवय. भोकात काय अडकलंय हे बघत बसणं तिला शेंबड्या पोरांचं काम वाटे.

समोरच्या टीचभर बेटावर तूरलाइफ आणि त्याची बायको माग्नहिल्ड दोघंच राहत. माग्नहिल्डची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीन सकाळी त्यांच्या बोटीने आमच्या धक्क्यावर यायचं, तिथून फेरीबोटीने शहरात, रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राकडे. त्या हिवाळ्यात बोटीचं इंजिन तीनदा भर खाडीत बंद पडलं. तीनदा आस्ब्योर्गने फुंकून सुरू केलं. तिसऱ्या वेळी त्यांच्या मुलीने निर्वाणीचं सांगितलं, आता एकदा जरी बंद पडलं तर घराला कुलूप आणि दोघं शहरात.

"शहरात मी मरायला जाईन, राहायला नाही," माग्नहिल्ड मला म्हणाली होती.

म्हणून त्या सोमवारी सकाळी आस्ब्योर्ग स्वतः त्यांच्याकडे गेली, अवजारांची पिशवी घेऊन. मलाही ओढलं. खडकांकडे बघायला कुणीतरी हवं होतं. तूरलाइफने टाकी भरली, नेहमीसारखी नरसाळ्यात लोकरीचा हातमोजा ताणून, त्यातून पेट्रोल गाळत. गरम पाण्यात चोळून आटवलेली, घट्ट झालेली लोकर पाणी अडवते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्यात कुणाला काय वावगं दिसणार?

आम्ही चौघं धक्क्याकडे निघालो. खाडीच्या मध्यावर इंजिन खोकलं आणि गप्प झालं. ओहोटी जोरात होती. बोट लगेच आडवी होऊन काळ्या खडकाकडे सरकू लागली. तूरलाइफने वल्ही घेतली.

"थांबू नकोस," आस्ब्योर्ग म्हणाली. तिने इंजिनाचं झाकण काढलंही होतं.

"मग मी काय झोपा काढतोय?"

"खडक शंभर हात," मी म्हणालो. मग म्हणालो, ऐंशी. मला पोहता येत नाही, आणि त्या बर्फगार पाण्यात पोहता येऊनही उपयोग नसतो.

तिने जेट काढला, ओठांशी नेला.

"फुंकू नकोस," माग्नहिल्ड म्हणाली.

"काय?"

"तीनदा फुंकलंस, तीनदा बंद पडलं. विणताना माझा टाका चुकला तर मी आधी बघते, मग उसवते. बघ तरी एकदा."

बहिणीने तिच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हिला पाण्यातच ढकलते. पण तिने जेट आभाळाकडे धरला. एक डोळा मिटला. मग पिशवीतून चिमटा काढून भोकातून काहीतरी ओढलं आणि अंगठ्याच्या नखावर ठेवलं. पांढरा, केसाहून बारीक धागा.

माग्नहिल्ड वाकली. "लोकर," ती म्हणाली. "आमच्या मेंढीची. गाळायचा जुना हातमोजा फाटला म्हणून पानगळीत मीच नवा विणला. बोटं सुजलेली, नीट आटवायचं जमलं नाही. त्याचेच धागे सुटतायत."

तूरलाइफची वल्ही थांबली.

"वल्हव की मेल्या!" मी ओरडलो. खडकावर फुटणाऱ्या लाटेचे शिंतोडे माझ्या मानेवर येत होते.

आस्ब्योर्गने जेट बसवला, कार्बुरेटरची वाटी आवळली, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा इंजिन लागलं, आणि तूरलाइफने बोट अशी वळवली की वल्ह्याचं पातं खडकाला घासलं.

धक्क्याला बोट बांधल्यावर आस्ब्योर्ग म्हणाली, "चूक माझी. तीनदा तो धागा मीच उडवला, न बघता. नरसाळ्याला उद्या पितळी जाळी लावून देते." ती चूक कबूल करताना मी साठ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

"मुलीला काय सांगू?" तूरलाइफने विचारलं.

"सांग, आईनेच बंद पाडलं होतं, आईनेच चालू केलं," माग्नहिल्ड म्हणाली. "आणि नरसाळ्यातला तो हातमोजा दे इकडे."

"पेट्रोलचा वास येतोय त्याला. नर्स ओरडेल."

"ओरडू दे. त्या खुर्चीत चार चार तास माझा हात गारठतो."

तिने मोजा चढवला, त्याच हाताने कठडा धरला आणि फेरीबोटीत चढली. संध्याकाळी तूरलाइफ तिला त्याच बोटीतून घरी घेऊन गेला.