लेकीनं शिकवलेलं स्टॅटिक

बेचाळिसाव्या वर्षी मी बीसीएला नाव घातलं. बारावीनंतर लग्न झालं, लेक झाली, घरीच ब्लाउज शिवायला लागले आणि शिक्षण मागंच राहिलं. लेक वारणानगरला इंजिनिअरिंगला गेली तेव्हा घर रिकामं झालं. तीच म्हणाली, "आई, आता तू शीक की."

पहिले काही महिने बरे गेले. मग सी लँग्वेजमध्ये स्टोरेज क्लास, म्हणजे प्रोग्रॅममधला आकडा कुठं नि किती वेळ टिकतो त्याचे प्रकार, आले आणि माझी गाडी अडली. वर्गात सर सांगायचे, पोरं माना डोलवायची. माझ्या डोक्यात मात्र ऑटो, रजिस्टर आणि स्टॅटिकची नुसती खिचडी व्हायची.

शनिवारी लेक घरी आली. मी कणीक मळत होते. तिनं ओट्याच्या कडेला लॅपटॉप ठेवला आणि छोटंसं फंक्शन लिहिलं: एक्स नावाच्या व्हेरिएबलमध्ये शून्य, त्यात एक मिळवायचा, छापायचा. ते तीनदा बोलावलं. पडद्यावर एक, एक, एक आलं.

"हे ऑटो," ती म्हणाली. "फंक्शन संपलं की एक्सही संपला. पुढच्या वेळी नवा एक्स."

मग एक्सच्या आधी तिनं स्टॅटिक लिहिलं. आता एक, दोन, तीन आलं.

"असं कसं?" मी विचारलं. "एक्स शून्य तर वरच लिहिलंयस. दर वेळी शून्य व्हायला नको?"

"ती ओळ एकदाच लागू होते, आई. प्रोग्रॅम सुरू होताना. नंतर एक्सची जागा शेवटपर्यंत तशीच राहते."

"मग तो ग्लोबलच झाला की, सगळीकडं चालणारा."

ती हसली नाही. "मेनमधून, म्हणजे मुख्य फंक्शनमधून छापून बघ," एवढंच म्हणाली आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी हात धुतले, ओळ टाइप केली. एरर आली. एक्स कोण, हे मेनला माहीतच नव्हतं.

"म्हणजे आहे, पण बाहेरून दिसत नाही?"

"हां!" तिनं माझ्या गालाचा मुका घेतला. तिच्या लहानपणी पाढे बरोबर आले की मी असाच घ्यायचे. मला एकदम भरून आलं. कणीक तशीच पडली होती. त्या दिवशी पोळ्या तिनंच लाटल्या.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी लॅबमध्ये शिरले तर दोन पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं परीक्षक आल्या. खरे परीक्षक तिशीतले असतील. माझा प्रोग्रॅम पाहून त्यांनी विचारलं, "फंक्शन संपल्यावर हा स्टॅटिक व्हेरिएबल मेमरीत असतो का?"

"असतो."

"मग मेनमध्ये वापरून दाखवा."

मी पडद्यावरच्या फंक्शनवर बोट ठेवलं. म्हणाले, "नाही वापरता येणार, सर. तो शेवटपर्यंत राहतो, पण त्याचं नाव फक्त त्या फंक्शनच्या आत चालतं. ग्लोबल सगळीकडं चालतो."

त्यांनी मान हलवली. "छान. कुणी शिकवलं?"

"लेकीनं," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

बाहेर येऊन तिला फोन लावला. तिनं कट केला, तास चालू असणार. दहा मिनिटांत तिचाच फोन आला. सगळं ऐकून ती अशी ओरडली, की पलीकडून कुणीतरी "काय झालं गं?" म्हणून धावत आल्याचं मला ऐकू आलं. "माझी आई पास झाली!" ती त्यांना सांगत होती. निकाल अजून लागायचा होता.

मालक, म्हणजे लेकीचे बाबा, स्कूटर घेऊन फाटकाशी थांबले होते. "जमलं की न्हाय?"

"जमलं."

मी मागं बसले आणि बोलतच सुटले. ते हूं हूं करत ऐकत होते. दसरा चौकात सिग्नल लागला तेव्हा मान वळवून म्हणाले, "अजून ते रजिस्टर म्हणून कायतरी म्हणत होतीस न्हवं? ते काय असतंय, सांग की."

सिग्नल सुटला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगायला लागले.