काळी बाटली आणि माझी भरणी

डॉक्टरनं बीपी सांगितलं आणि सुनेनं त्याच दिवशी माझी लोणच्याची भरणी वरच्या फळीवर ठेवली. बाळापूरच्या बाजारातून गावरान कैऱ्या आणून मी स्वतः घातलेलं लोणचं. ठेचाही बंद. राहिलं बिनमिठाचं वरण. त्याला मी म्हशीचं आंबोण म्हणते आणि तोंडावर म्हणते.

दिवाळीला ऑस्ट्रेलियाहून नातू आला. त्यानं एक बुटकी बाटली आणली. आत काळं, चिकट. गाडीच्या आखाला आम्ही वंगण घालायचो, अगदी तसं. दारू करताना खाली गाळ उरतो, त्याचं करतात म्हणे. पण बाटलीवर जीवनसत्त्वं लिहिलेली, म्हणून सून खूश.

"आत्याबाई, हे खा. तिकडं लहान लेकरांना देतात. ताकदीचं हाय."

मी भाकरीवर ठेच्यासारखा जाड थर दिला, वर करडीचं तेल सोडलं, बुक्कीनं कांदा फोडला. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. नुसतं मीठ! त्यात करपलेल्या कढईची खरवड आणि बाळंतिणीच्या काढ्याचा वास.

"आजी, नखाएवढं लावायचं असतं! काय करून राहिली तू?" नातू ओरडला.

"मंग आधी काहून न्हाई सांगितलं?"

सगळे तोंडाकडं बघत असताना मी घास थुंकत नसते. भाकरी संपवली. खरं सांगायचं तर कितीतरी दिवसांनी जिभेला काहीतरी कळलं होतं. शेवटचा तुकडा मात्र सुनेपुढं धरला.

"घे. ताकदीचं हाय."

तिनं तोंडात टाकला आणि मोरीकडं पळाली. "बाई गं, किती खारट!"

"व्हय ना? डॉक्टरनं लोणचं बंद सांगितलं का मीठ?"

"मीठ. मंग हेबी बंद," म्हणत तिनं बाटली उचलली.

"ने. पण भरणी काढ."

"बीपी वाढंल, आत्याबाई."

"वाढू दे. आंबोण खाऊन मला अजून किती वर्षं काढायची हायत?"

ती हलली नाही. मी स्टूल ओढलं आणि एक पाय वर ठेवला.

"पडसाल ना!" तिनं मला बाजूला केलं आणि भरणी स्वतःच खाली काढली. भरणीच्या जागी बाटली गेली. "पण जेवताना एकच फोड. बराबर?"

"बराबर."

एकच घेते. कोणती, ते मी ठरवते.