खालची गल्ली वर जाते

आमच्या गावात काळजी करायची एक ठरलेली जागा होती. मारुतीचा पार. दुपारची जेवणं झाली की गावातली तीन मोठी माणसं तिथं येऊन बसत आणि दिवस कलेपर्यंत गावाची काळजी करत. एक माझे सासरे, गावचे पाटील. त्यांना मी मामंजी म्हणे. दुसरे कुळकर्णी आणि तिसरे दुकानदार शेटजी. राजूरचा बाजार कसा भरतो, आपल्याकडे कुत्रं का फिरकत नाही, जालन्याच्या जिनिंगमध्ये पोरं पळून चालली तर औत कोण धरणार, अशी ती काळजी. तिघांचीही तब्येत त्या काळजीनं फार चांगली राहिली होती.

सगळ्यांत जुनी काळजी मात्र खालच्या गल्लीची. आमचं घरही तिथलंच. मामंजींच्या आजोबांनी पाणी जवळ म्हणून ओढ्याकाठी घर बांधलं, आणि पाणी त्यांच्या अपेक्षेपेक्षा जवळ निघालं. दर पावसाळ्यात ते घरात यायचं. धान्याची पोती माळ्यावर, माणसं बाजेवर आणि चूल बंद. वरती सरकारी माळ मोकळा पडला होता. तिथं घरांना जागा मिळावी असं पारावर किती उन्हाळे ठरत होतं, ते मारुतीलाच माहीत.

मी लग्न होऊन आले, त्या हिवाळ्यात तहसीलदार साहेब दौऱ्यावर आले. निजामाचं राज्य, कारभार सगळा उर्दूत. गावात आपल्याइतकं उर्दू कुणालाच येत नाही असं मामंजींचं मत होतं. गावात ते दुसऱ्या कुणालाच येत नसल्यामुळे ते खोडून कोण काढणार? फेटा बांधून ते चावडीवर गेले आणि परत आले ते जग जिंकून. ताटावर बसून त्यांनी सगळं पुन्हा म्हणून दाखवलं.

"म्या म्हणलं, हुजूर, हमारे गल्ली के घरां सब खाली हैं. साहेब म्हणले, सब खाली? म्या म्हणलं, बिलकुल खाली, हुजूर! बरसात में तो रहनाच मुश्किल, इतने खाली!"

मी जालन्याची. आमच्या मोहल्ल्यात निम्मं बोलणं उर्दूत चाले. दाराआड उभी राहून मी पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. तसं बाजारात खाली पोतं म्हणजे रिकामं पोतं, हे मामंजींनाही ठाऊक होतं. पण साहेबाची खुर्ची पाहिली की माणसाचं डोकं आधी मराठीत पळतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्यांनी मला चुलीपाशी ओढलं. "काहून हसून राह्यली गं?"

"आत्याबाई, मामंजींनी साहेबाला सांगितलं, आपली गल्ली रिकामी हाय म्हणून. तिथं कुणीच ऱ्हात न्हाई म्हणून."

आत्याबाई थोडा वेळ भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् आपण कोण? भुतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिपाई आला. रिकाम्या घरांत साहेबांचे घोडे आणि कारकून उतरवायचे होते. त्यानं पहिल्या घरात डोकावलं तर नऊ माणसं, दुसऱ्यात सात आणि एक व्यालेली शेळी. तो चक्रावून परत गेला, आणि मग साहेब स्वतःच तणतणत खाली आले. मामंजी मागून "हुजूर, हुजूर" करत धावत होते. गावचा पाटील असून खोटं बोलला, हेच साहेबांच्या डोक्यात बसलेलं.

आत्याबाईंना उर्दूचा गंध नव्हता. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, आमच्या ओसरीची भिंत दाखवली आणि मातीत उमटलेल्या पाण्याच्या रेघेवर हात ठेवला. त्यांच्या कमरेला लागेल इतकी वर होती ती रेघ. "पानी," त्या म्हणाल्या. "इथवर. दरसाल."

साहेबांनी रेघ पाहिली, मग मामंजींकडे पाहिलं, आणि मोठ्यानं हसले. माणूस बरा असावा. उन्हाळा लागायच्या आत माळाचा एक तुकडा गावाला मिळाला.

आता घरं व्हायला काहीच हरकत नव्हती, म्हणून पारावर नवी काळजी सुरू झाली. शेटजी म्हणाले, आधी बाजाराची जागा सोडा, बाजार आला की पैसा येईल, पैसा आला की घरं आपोआप होतील. कुळकर्ण्यांना औरंगाबादेसारखे सरळ रस्ते हवे होते. मामंजींना अगदी मधोमध नवी चावडी हवी होती, उंच जोत्याची, साहेब पुन्हा आले तर लाज नको म्हणून. चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या, पुसल्या, पुन्हा मारल्या. कुणाशेजारी कुणाचं घर नको, यावर तर महिना गेला. एवढं होऊन माळावरच्या रेघांत बाजार होता, रस्ते होते, चावडी होती. घरांना तेवढी जागा उरली नव्हती.

तोवर मला दिवस गेलेले सगळ्यांना दिसू लागले होते. श्रावणात मी मोकळी होणार होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माझी आई लग्नाआधीच गेलेली, माहेरी करणारं कुणी नव्हतं. श्रावण म्हणजे ओढा भरून वाहायचे दिवस. मी घाबरले होते, आणि बोलायची सोय नव्हती.

आत्याबाई बोलल्या. जेवताना मामंजींना म्हणाल्या, "सुनेला वर न्यायची."

"वर कुठं? अजून आखणी चालू हाय. पंचांचं ठरू दे, मंग बघू."

आत्याबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "माझं पहिलं याच घरात झालं. बाजंखाली पाणी आल्तं. चूल पेटंना, शेकायला इस्तू न्हाई. लेकरू गारठून गेलं. तवाबी तुमी पारावर ठरवूनच राह्यलते."

त्या लेकराबद्दल मी पहिल्यांदाच ऐकत होते. मामंजींचा हात ताटातच राहिला. नाही मात्र ते म्हणाले नाहीत.

आषाढ संपता संपता आमच्या यांनी आणि धाकट्या दिरांनी माळावर तुराट्यांची एक खोली उभी केली. वर गवताचं छप्पर, आतून शेणामातीचा जाड लेप. बाज, गोवऱ्या आणि मला बैलगाडीत घालून आत्याबाई वर निघाल्या. खोली कुठं बांधायची हे त्यांनीच ठरवलं होतं. माळावरची सगळ्यांत उंच जागा. तिथल्या फक्कीच्या रेघा त्यांनी विचारात घेतल्या नाहीत.

मुलगी झाली. खाली ओढा गल्लीत शिरला होता आणि वर माझ्या बाजेखाली शेगडी धगधगत होती.

पाऊस उघडला तशी तिन्ही मोठी माणसं चिखल तुडवत वर आली. बाळंतिणीच्या खोलीत येणं शक्यच नव्हतं, म्हणून बाहेर छत्र्या टेकून उभी राहिली. कुळकर्ण्यांनी इकडंतिकडं पाहिलं, पावलं टाकून अंतर मोजलं आणि हळूच म्हणाले, "पाटील, ही तर चावडीची जागा."

शेटजी म्हणाले, "बराबर. बिलकुल मधोमध."

आत्याबाई दारात आल्या. हाताला हळद-तेल लागलेलं. "आसंल ना चावडीची," त्या म्हणाल्या. "मंग उठवा बाळंतिणीला."

ओल्या बाळंतिणीला उठवायची छाती साहेबाच्या फौजेचीही झाली नसती, हे तर गावचे पंच होते. कुळकर्णी छत्रीचं टोक चिखलात फिरवत राहिले. कुडाच्या फटीतून मला मामंजी दिसत होते. त्यांनी खाली पाण्यातल्या आपल्या घराकडं पाहिलं, मग या खोलीकडं.

"चावडी सरकवा," ते म्हणाले. "आन् बाजारबी सरकवा. आधी घरं."

मला रडू आवरेना. लेकीला छातीशी धरून मी हुंदके देऊ लागले. आत्याबाई आत आल्या आणि माझ्या डोक्यावरची टापशी घट्ट बांधत म्हणाल्या, "रडून जमीन वली करू नको गं. लई वर्षांनी कोरडी भेटली."