कडी लावून केलेली बैठक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते माझं मलाही नीट कळत नाही.

न्हावऱ्यात आमचं दुधाचं घर. मी थोरली, सुनीता माझी धाकटी जाऊ. तळेगावच्या बाजारातून येताना स्कूटीवरून पडले आणि माझा उजवा गुडघा गेला. शिरूरच्या डॉक्टरांनी व्यायाम शिकवला — खुर्चीची पाठ धरायची, चांगला पाय पुढे उचलायचा, दुखऱ्या पायावर हळूहळू खाली बसायचं आणि तसंच वर यायचं. रडत रडत करायचे मी. शेण, धारा, वैरण सगळं सुनीतावर पडलं. तिला तेव्हाच दौंडला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता.

"ताई, तुमचा पाय बरा होऊ द्या, मग जाते मी," म्हणाली.

मग एके दुपारी — कसं सांगू? — खुर्ची न धरता मी खाली बसले, आणि उठले. त्याच पायावर. पुन्हा केलं. पाय थरथरलासुद्धा नाही. आनंदानं हाक मारावी ना माणसानं? मी काय केलं — दाराला आतून कडी घातली.

बाहेर सुनीता शेणाची पाटी उचलत होती. मी बाहेर गेले की ती पाटी माझ्या डोक्यावर येणार होती. एवढंच. चार दिवस विसावा घेऊ, मग सांगू, वाटलं.

तेवढ्यात प्रवेशाची मुदत संपली, तिची नर्सिंगची जागा गेली. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगायचं? वर्षं झाली, कडी लावून बैठका मारते, कडी काढली की लंगडते. मागून कुणी हाक मारली तरी आधी पाय ओढते, मग वळते. स्वप्नात तरी नीट चालत असेन का मी?

परवा सुनीताचाच गुडघा सुजला. ओसरीवर मी तिला ही बैठक दाखवायला गेले. तिनं माझा खांदा धरला, पाय उचलला, आणि मध्येच थांबली.

"ताई, तुमी इतकी वर्सं केलं, तरी तुमचा पाय सुधारला न्हाई. माझा काय सुधारायचा?"

टोमणा नव्हता हो तो. तिला माझी कीव येत होती.

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघीच होतो.

"हळू बस," मी म्हणाले. "पाठ ताठ ठेव."

ती खाली गेली. वर येताना तिचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला, आणि माझे दोन्ही पाय जागचे हलले नाहीत. तिच्या ते लक्षात आलं नाही. मी सांगितलं नाही.