राणी चिरडणारे पेटीकाका

अख्खी गल्ली त्यांना पेटीकाका म्हणायची, कारण घरामागे त्यांच्या मधमाश्यांच्या चाळीस पेट्या होत्या. होत्या, असंच म्हणायचं. आता उरल्या होत्या अकरा. टाचणीच्या डोक्याएवढी तांबडी गोचीड अळ्यांना चिकटायची, रस शोषायची आणि चुरगळलेल्या पंखांच्या लुळ्या माश्या निपजायच्या. काकांनी औषधाच्या पट्ट्या टांगल्या. दोन वर्षं गोचीड मेली, तिसऱ्या वर्षी सरावली. नवं औषध आणलं, त्यालाही सरावली. "मेल्या औषध खाऊन बाळसं धरतात!" काका करवादायचे. या अकरा गेल्या की संपलं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्या विचारानं जेवण गोड लागत नव्हतं.

एका बाबतीत मात्र काका महाहट्टी. ज्या पेटीच्या दारातल्या फळीवर सकाळी पांढऱ्या अळ्या फेकलेल्या दिसत, ती त्यांच्या डोक्यात जायची. "स्वतःची पोरं उकिरड्यावर टाकतात! रक्तातच खोट." मग ते तिची राणी शोधून दोन बोटांत चिरडत आणि दुसऱ्या, गुणी पेटीतली राणी आणून बसवत. दीड-दोन महिन्यांत जुन्या माश्या मरून नव्या राणीच्या पोटच्या माश्यांनी पेटी भरायची आणि अळ्या फेकणं थांबायचं, काका खूश व्हायचे. वर्षभरात गोचीड ती पेटी संपवायची, काका नशिबाला बोल लावायचे.

परवा सकाळी कोपऱ्यातल्या पेटीच्या राणीचीही हीच गत झाली. नवी राणी जाळीच्या डबीतून आत ठेवली. वास सवयीचा झाला की माश्या तिला आपली म्हणतात. काका हात धुऊन येतात तो त्यांची थोरली ताई फळीपाशी उकिडवी बसलेली. पाहुणी म्हणून आली होती, पण जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे पिशवीत भिंग असायचंच.

"फेकलेल्या अळ्यांवर गोचिडी आहेत रे."

"असणारच. रोगट पेटी ती."

"रोगट कसली? शहाणी! गोचीड लागलेली अळी वासानं ओळखतात आणि गोचीड वाढायच्या आत घराबाहेर काढतात. औषधाला पुरून उरलेल्या गोचिडींचीच वीण वाढली ना? तशीच या माश्यांची वाढली असती. पण ज्या पेटीला अक्कल आली, तिचीच राणी तू मारलीस. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"तीस वर्षं मीच सांभाळतोय ना त्यांना?" काका ओरडले.

"सांभाळतोयस खरा," ताई म्हणाली.

काकांचा आवाज एकदम उतरला. "आत त्या मेलेल्या राणीची अंडी आहेत अजून. डबी काढली, तर माश्या त्यांतूनच आपली राणी घडवतील."

"मग उभा का राहिलास?"

काकांनी घाईत, माश्यांना शांत करणारा धूरही न देता पेटी उघडली. सात डंख खाल्ले, पण डबी बाहेर काढली.

"किती राण्या मारल्या, विचारू नकोस," ते म्हणाले. काका मात्र ओसरीत बसून बोटांवर मोजत राहिले, एकोणिसावर येऊन थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर पुन्हा तीन अळ्या पडल्या होत्या. काकांचा हात सवयीनं झाकणाकडे गेला आणि तिथंच थांबला. संताप उसळला होता, तो स्वतःवरच, आणि या वेळी तो संताप काढायला पेटीत कुणी नव्हतं.