उजव्या बाजूचा आंबा

"लाल अजिबात नको. लाल दिसलं तर आपलेच लोक आपल्याला पाडतील."

बापू शिवलकर मांडवीतल्या माझ्या फ्लेक्स-स्टिकरच्या दुकानात पहिल्यांदा आले, ते हेच बोलत. निवडणुकीचे दिवस होते. मी आवाज खाली आणून विचारलं, "कुठल्या पक्षाचं काम आहे?"

"विमानाचं गो बाय," म्हणत त्यांनी आपल्या करंगळीचं नख पुढे केलं. तेवढंच गोल स्टिकर हवं होतं. बाहेर गडद निळा, आत फिका. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या बाजूला उडणाऱ्या आपल्या विमानांच्या गोल खुणेतला लाल ठिपका काढून टाकला होता म्हणे. जपान्यांच्या विमानांवर लाल सूर्य असायचा, घाईगर्दीत गोंधळ नको म्हणून. तसलं एक हरिकेन विमान बापू घरी वीतभर आकारात जुळवत होते.

बापूंचा जन्म मालवाहू जहाजांवर गेला. खलाशी म्हणून चढले, सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होऊन उतरले. परक्या बंदरात बाकीचे अत्तरं नि घड्याळं घ्यायचे, बापू सुटे भाग जुळवायच्या छोट्या विमानांचे खोके घ्यायचे. गंज खरवडून रंग चढवण्यात हयात गेल्यामुळे रंगावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. "रंग खोटं बोलतो, ओरखडा नाय बोलत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर रत्नाकाकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणायच्या, "चाळीस वर्षांत माझं पातळ कुठल्या रंगाचं ते सांगता आलं नाय, आणि त्या मेल्या विमानाचा निळा बरा कळतो!"

निळ्यानेच माझा जीव खाल्ला. सहा वेळा छापून दिला, सहा वेळा परत आला. "हा दुकानातला निळा. मला लढाईत विटलेला पायजे." शेवटी मी निळ्या चकत्यांचा कागद आमच्या गच्चीवर, सासूबाईंच्या आंबोशीशेजारी उन्हात ठेवला. आठवड्याने बघते तर आंबोशी जागेवर, कागद गायब. सासूबाईंनी टिकल्या समजून चैत्राच्या हळदीकुंकवाला वाटून टाकल्या होत्या.

हे सांगायला बापूंना घरी बोलावलं, तर ते अंगणातच थबकले. समोरून शेजारच्या वहिनी येत होत्या. बापू त्यांच्या कपाळाशी डोळे नेऊन उभे. वहिनी घाबरून मागे सरल्या.

"हलू नका वहिनी," बापू म्हणाले, "हाच. हाच निळा हवा होता."

ती टिकली विमानाच्या डाव्या पंखावर गेली.

हा सगळा खटाटोप पावसच्या इंदूमावशींसाठी होता. त्या रत्नाकाकींच्या मावशी, नव्वदी ओलांडलेल्या. त्यांचे थोरले भाऊ, दादा, महायुद्धात विमानांचे फिटर होते. परत आल्यावर त्यांनी धाकट्या बहिणीला सांगितलं होतं, "इंदू, तुझ्यासाठी विमानावर हापूस काढला होता, दोन पानांसकट." दादा जाऊन कितीतरी वर्षं झाली. मावशींना ते विमान एकदा बघायचं होतं. आंब्यासकट.

पुरावा म्हणून घरात एकच फोटो होता. त्यात विमानाच्या अंगावरचं अक्षर अर्धं दादांच्या टोपीआड गेलेलं, आणि पुढचा भाग फोटोत आलाच नव्हता. ते पी की आर, यावर बापूंनी परदेशातल्या एका निवृत्त शिक्षकाशी वर्षभर वाद घातला. तोही विमानवेडा. पत्रं बापू सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचे.

"लिही, साहेब, तुमचं चुकतंय. तो पी हाय."

मी लिहायचे, 'आदरणीय महोदय, आपल्या अभ्यासाबद्दल संपूर्ण आदर बाळगून...'

"एवढं लांब कसं गो झालं?"

"इंग्रजीत तसंच असतं, बापू."

एके दिवशी त्या शिक्षकाने त्याच विमानाचा दुसरा, स्वच्छ फोटो शोधून पाठवला. अक्षर आर होतं. बापूंनी पी रंगवून वर वार्निशही मारलं होतं. "चुकलो," म्हणाले, "खरवडतो." पण त्यांचा चेहरा पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. फोटोत वैमानिकाच्या जागेखाली आंबा नव्हता. काहीच नव्हतं.

"कोण बघतंय? आंबा रंगवून टाका," मी म्हटलं.

"खोटं रंगवून म्हातारीच्या हातात देऊ?" बापू माझ्यावर उखडले. "तिला खरं सांगणार."

आम्ही रिक्षाने पावसला गेलो. विमान मिठाईच्या खोक्यात, खोकं माझ्या मांडीवर. मावशींनी ते ओसरीवर बसून हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं.

"आंबा खंय?"

"मावशी," बापूंचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला, "फोटोत आंबा नाय."

"फोटो कुठच्या बाजूचा?"

"डाव्या."

"दुसरा?"

"तोही डाव्याच."

"उजव्या बाजूचा बघितलायस?"

"नाय."

"मग नाय म्हणतोस कशावरून?"

आयुष्यभर दुसऱ्यांकडे पुरावा मागणारा माणूस ओसरीच्या कठड्याला टेकला. मग हळूच पिशवीतून रंगाच्या डब्या काढल्या. मावशी सांगत होत्या, बापू तीन केसांच्या कुंचल्याने काढत होते.

"चोच नको काढूस, ती पायरी आंब्याला. देठाकडे जरा लाली दे."

बापू थांबले. "लाल नको मावशी. लढाई चाललीय."

"मग हिरवा काढ," मावशी म्हणाल्या. "पिकेल."

मी हसून हसून बेजार झाले. बापू हसले नाहीत. त्यांनी कुंचला हिरव्यात बुडवला. पूर्ण झालेल्या आंब्यावर मावशींनी बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही. रंग ओला होता, पण बापू ओरडले नाहीत.

मावशी त्याच पावसाळ्यात गेल्या. दिवाळीत बापूंनी विमानाचे फोटो त्या शिक्षकाला पाठवायला लावले. "लिही, उजव्या बाजूचं आम्हाला नक्की ठाऊक नाय. बहिणीला ठाऊक होतं." या वेळी मी एक शब्दही वाढवला नाही.

त्याचं उत्तर यायच्या आत बापू गेले. दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत.

उत्तर आलं तेव्हा मी रत्नाकाकींकडे जाऊन वाचून दाखवलं. शिक्षकाने आपल्याकडचं तसलंच छोटं विमान नव्याने रंगवलं होतं. उजव्या बाजूला आंबा काढला होता. आपण कधी हापूस पाहिला नाही, त्यामुळे तो जरा मोठा झाला, क्षमा असावी, असं खाली लिहिलं होतं.

काकींनी पदर डोळ्यांना लावला. मग नाक ओढत म्हणाल्या, "लिही त्याला, आंबा मोठाच बरा."